हिरव्या साडीची घडी

सेलू, सोमवार, २२ नोव्हेंबर १९९३

आले बाई एकदाची. एक ट्रंक, एक वळकटी, लोणच्याची बरणी आणि मी, एवढा लवाजमा परभणीहून सेलूला सुखरूप पोचला. बरणीचं तेल वळकटीला लागलंय, पण ते चालायचंच. गाडी पेडगावला थांबली तेव्हा मी खिडकी सोडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. पेडगाव माझं माहेर. फलाटावर कुणी ओळखीचं भेटलं असतं तर 'कुठं निघालीस गीते?' असं विचारलं असतं. चार वर्षांपूर्वी नवऱ्यानं टाकल्यापासून या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज होतं, मी नोकरीला निघाले होते! पण ते ऐकायची माझ्या भावाची लायकी नाही, असं मनाशी म्हणत गाडी सुटेपर्यंत तिकडंच बसले.

नोकरी कॉम्प्युटर शिकवायची आहे. मोंढ्यात, म्हणजे इथल्या मालाच्या बाजारात, दिनकररावांची कापसाची आडत आहे, तिच्या माडीवर 'नर्मदा कॉम्प्युटर क्लास'. दोन मशिनी, आठ विद्यार्थी, एक फळा. दिनकरराव साठीचे असतील. धोतर, खांद्यावर उपरणं, बोलणं तोलून मापून. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं, पण नवरा काय करतो हे विचारलं नाही. एवढ्यावरच मी त्यांना शंभर गुण देऊन टाकले.

राहायची खोली आडतीला लागूनच असलेल्या त्यांच्या घरात, मागच्या अंगणात आहे. घरात दिनकरराव एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाकाला धुरपताबाई आहेत. त्यांनी पहिल्या तासाभरात मला गावची सगळी भांडणं सांगून टाकली आणि दुसऱ्या तासात भाकरी, चुक्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्यानं. कुणी ताटाशी बसून आग्रह करून वाढल्याला लय दिवस झाले होते, तेही असेल.

इथं कापसाच्या जिनिंगची रुई उडते. सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत फरशीवर पांढरा थर बसतो आणि त्यात माणसांची पावलं उमटतात. धुरपताबाई म्हणतात, सेलूत चोरी लपत नाही.

बुधवार, २४ नोव्हेंबर

क्लास रीतसर चालू झाला. पोरं मला म्याडम म्हणतात. एकानं बटण दाबायच्या आधी करंट तर लागत नाही ना, असं तीनदा विचारून घेतलं. लाइट अकरा ते चार असते, तेवढ्यात सगळं उरकायचं.

तीनला पोरं गेल्यावर दिनकरराव वर आले. जोडा जिन्यातच काढला, हातपाय धुऊन आले आणि कपाटातून रुमालात गुंडाळलेली एक फ्लॉपी काढून माझ्यासमोर ठेवली. तिच्यात एक गेम निघाला. विकतचा नाही, घरी केलेला. दिनकररावांच्या मुलीनं, नर्मदानं, औरंगाबादला कॉलेजात असताना लिहिलेला. क्लासला नाव तिचंच आहे.

पडद्यावर सेलूचं स्टेशन येतं. गाडीतून दोन वेण्यांची, फ्रॉकातली एक मुलगी उतरते. बाणाची बटणं दाबून तिला घरी न्यायचं. वाटेत कापसाच्या गाड्या, एक मारका बैल आणि ओट्यावर बसून नावं ठेवणाऱ्या बायका. या सगळ्यांना चुकवत मोंढ्यातून घराच्या दारापर्यंत. दार आलं की गेम संपतो, आतलं काही तिनं काढलेलंच नाही. त्या ओट्यावरच्या बायका इतक्या हुबेहूब की मी हसून बेजार झाले.

दिनकरराव हसले नाहीत. म्हणाले, पोरगी मोठी झाली, आता तिच्या अंगावर फ्रॉक बरा दिसत नाही, हिला साडी नेसवता येईल का? हिरवी, तांबड्या काठाची. मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांचं काम. आणि भोचकपणानं विचारलं, ताई कुठं असतात आता? मागच्या साली वारली, बाळंतपणात, असं म्हणून त्यांनी रुमालाची चौकोनी घडी घातली. मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

शनिवार, २७ नोव्हेंबर

दोन दिवसांचं काम म्हणणारी मी शहाणी! कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे भरतकामासारखं असतं. चौकटीचा कागद घ्यायचा, प्रत्येक घरात रंगाचा आकडा लिहायचा आणि ते आकडे मशिनीत भरायचे. शून्य म्हणजे काही नाही, दोन म्हणजे हिरवा, चार म्हणजे तांबडा. नर्मदाची मुलगी सोळा घरं रुंद आणि चोवीस ओळी उंच आहे. एवढ्याशा जागेत निऱ्या, पदर आणि काठ बसवायचा.

आधी साडी फ्रॉकवरूनच नेसवली तर मुलगी पोत्यासारखी फुगली. म्हणून फ्रॉकचे आकडे काढून नुसतं अंग ठेवलं आणि वर साडी चढवली. उभी होती तोवर झकास. चालायला लागली तर ती पुढं आणि साडी एक पाऊल मागं! मी घाईनं मशीन बंद केली. दिनकरराव जिन्यात उभे होते, त्यांनी पाहिलं नसावं. नंतर चूक सापडली. मी आधीचं चित्र पुसायच्या आत नवी साडी काढत होते. प्रोग्रामच्या दोन ओळी वरखाली केल्या आणि साडी अंगाबरोबर चालायला लागली.

बुधवार, १ डिसेंबर

नवीन खोड. मुलगी उजवीकडं चालते तेव्हा पदर डाव्या खांद्यावर, बरोबर. डावीकडं वळली की मशीन चित्र आरशातल्यासारखं उलटं करते आणि पदर उजव्या खांद्यावर जातो. पोरांना कळणारही नाही, पण दिनकररावांना लगेच कळलं. हळूच म्हणाले, आमच्यात असा पदर घेत नाहीत माय. मला माय म्हणाले. मराठवाड्यात बाप लेकीला माय म्हणतो, मला वडील गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. डाव्या बाजूची सगळी चित्रं मी नव्यानं काढली आणि एकदाही कुरकुरले नाही.

गुरुवार, ९ डिसेंबर

काम झालं म्हणून मी सोमवारी पेढे मागितले होते, ते आज घशात अडकले. साडीची खालची ओळ गेलीये. काठाचे चारचे आकडे जिथं होते तिथं शून्यं आहेत. फ्लॉपी खराब असेल म्हणून नव्या फ्लॉपीवर उतरवलं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

रोज एक ओळ जाते. मी चारच्या आत भरते, दुसऱ्या दिवशी अकराला मशीन चालू केली की ती नसतेच आणि वरची आणखी एक गेलेली असते. साडी आता गुडघ्याच्या वर आलीये. तीन फ्लॉप्या बदलल्या, दुसऱ्या मशिनीवर करून पाहिलं, आकडे वहीशी ताडून पाहिले. निदान फ्रॉक तरी परत घालावा म्हणून नर्मदाची मूळ फ्लॉपी उघडली तर तिच्यातही फ्रॉकच्या जागी शून्यं. तिच्यावर मी कधी काही लिहिलेलंच नाही, नुसतं वाचलंय. पोरांपैकी कुणाचा चावटपणा म्हणावा तर कपाटाची किल्ली दिनकररावांच्या जानव्याला असते.

आज त्यांनी पाहिलं. पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "तिला माझं नको आहे." आणि साठीचा माणूस माझ्यासमोर उपरण्यात तोंड घालून रडला. मी काय करणार? मी पाणी आणून दिलं. ते प्यालेही नाहीत.

सोमवार, २० डिसेंबर

माझ्या मनात आलं, की मी ही साडी मनानंच काढतेय. कधी पाहिली नाही, हातात घेतली नाही. म्हणून तर नाही ना नीट बसत? दिनकररावांना विचारलं, अशी साडी आहे का घरात? ते आत गेले आणि वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं घेऊन आले. हिरवं इरकल, तांबडा काठ, कोरीकरकरीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. लेकीसाठी घेतली होती, द्यायची राहिली, एवढंच म्हणाले.

साडी घडीत असताना निऱ्या कशा पडतात ते कसं कळणार? मी खोलीत जाऊन नेसून पाहिली. धुरपताबाईंच्या मोठ्या आरशासमोर उभी राहून निऱ्या मोजल्या, पदर किती खाली येतो ते पाहिलं, आणि तशीच माडीवर जाऊन कागदावर उतरवलं. दिनकरराव दारात आले आणि थबकले. मला वाटलं आता रागावणार, त्यांच्या लेकीच्या साडीची घडी मी मोडली! ते म्हणाले, "राहू दे. घडी तू मोडलीस, आता तुझीच झाली."

मला चार वर्षांत कुणी साडी दिली नव्हती. दिवाळीला भाऊबीजेला गेले तेव्हा वहिनीनं तिचंच एक जुनेर पुढं केलं होतं. आज ही हिरवी साडी उशाशी घेऊन बसलेय. किती वेडी म्हणावं मला.

मंगळवार, २१ डिसेंबर

टिकली! एकही ओळ गेली नाही. मुलगी स्टेशनवर उतरली आणि पदर सावरत दारापर्यंत ठुमकत गेली. दिनकररावांनी तिला अकरा वेळा घरी आणलं. मी तीच साडी नेसून क्लासला गेले होते. ते जाताना दारातून म्हणाले, "जेवलीस का माय?" मी पाठमोरी होते. म्हटलं, हो, जेवले. भगवानरावाला, म्हणजे माझ्या भावाला, पत्र टाकलं. संक्रांतीला चार दिवस येऊ का म्हणून. आज मन इतकं बरं होतं की त्याच्यावरचा रागसुद्धा गेला.

शुक्रवार, २४ डिसेंबर

एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. धुरपताबाई ओरडल्या, माडीवरून कोण आलं गं, पावलं न्हाईत रुईत? मी आले होते. मागं वळून पाहिलं तर जिन्यापासून चुलीपर्यंत पांढऱ्या थरावर त्यांची पावलं, मांजराची पावलं, आणि माझं एकही नाही. मी मुद्दाम पाय आपटला. पायाखाली फरशी गार लागली नाही, गरमही नाही.

सोमवार, २७ डिसेंबर

दुपारी बारा वाजता अंगणात उभी होते. माझी सावली गुडघ्यांपासून सुरू होते. खाली नुसतं ऊन.

धुरपताबाईंनी ती पाहिली आणि मग माझ्या अंगावरची साडी पाहिली. काठ चिमटीत धरून पाहिला. विचारलं, ही कुठं घावली तुमाला? मी सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते.

नर्मदानं कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा बोरीचा, बौद्ध घरातला, बाप शाळामास्तर. दिनकरराव अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या विरोधातल्या मोर्चात पुढं होते. त्यांनी लेकीच्या नावानं आंघोळ केली, म्हणजे ती आपल्याला मेली असं जाहीर केलं. दोन वर्षांनी ती खरंच गेली. जाताना तिनं एवढंच मागितलं, की मला माहेरची साडी नेसवूनच न्या. तिच्या सासरी ती रीत नाही, ते पांढरं नेसवतात. तरी त्या मास्तरांनी सेलूला माणूस धाडला, की तुम्ही साडी घेऊन या, दिवस मावळेपर्यंत आम्ही लेकीला उचलत नाही. दिनकररावांनी साडी घेतली. बोरीला उतरले. आणि त्या गल्लीत पाऊल टाकवेना म्हणून स्टँडवर लिंबाखाली बसून राहिले, पुडकं मांडीवर घेऊन, दुपारपासून. मास्तरांचा माणूस दोनदा बोलवायला येऊन गेला. शेवटी त्यांनी धूर पाहिला आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.

धुरपताबाई म्हणाल्या, "मयताला घेतलेलं लुगडं घरात आणू न्हाई बाई, सरणावर न्हाई तर पाण्यात सोडत्यात. तुमी त्याची घडी मोडली. जित्या बाईनं."

आता कळलं ती साडी का टिकत नव्हती. नेसायला अंग नव्हतं. ते मी दिलं.

गुरुवार, ३० डिसेंबर

साडी दुधना नदीत सोडून गाव सोडायचं, असं धुरपताबाईंचं म्हणणं. मी हो म्हणते आणि सोडत नाही. जायचं कुठं? भगवानरावाचं उत्तर आलं की जाईन. आजपासून खुर्चीत बसलं की मांड्या जाणवत नाहीत. गेममधली मुलगी चालताना डावा पाय किंचित ओढायला लागलीये. डावा पाय मी ओढते, लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले होते तेव्हापासून. हे मी तिच्यात भरलेलं नाही.

दिनकरराव आजकाल दुपारभर माडीवर असतात. दारातून येता-जाता माय म्हणतात, थंडी वाजते का विचारतात. मी पडद्याकडं तोंड करून पोरांची वही तपासत असते आणि तिथूनच उत्तर देते. एवढ्यासाठी मी साडी रोज धुऊन रोज नेसते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

रविवार, २ जानेवारी १९९४

काल भगवानरावाचं कार्ड आलं. घरी पाहुणे आहेत, संक्रांतीला सोयीचं नाही, आणि लोक काय म्हणतील याचा तू विचार करावा. खाली वहिनीचा नमस्कार.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. भिंतीला टेकून रडले, पाठ भिंतीला लागली ते कळलं नाही.

गुरुवार, ६ जानेवारी

मरायचं नाही मला. सत्तावीस वर्षांची आहे मी. भाऊ नसला तर नसला, परभणीला खोली घेईन, टायपिंग करीन. काल सकाळी साडी फेडली, कागदात बांधली आणि ट्रंकेत खाली टाकली. जुनं निळं पातळ नेसले.

आज सकाळी जिन्यात रुईवर माझी बोटं उमटली. दहाही. मी तिथंच बसून ती मोजली. फरशी इतकी गार लागली की हसू आलं. उद्या तीनला क्लास सुटला की दुधनेवर जायचं, धुरपताबाई बरोबर येणार आहेत.

शुक्रवार, ७ जानेवारी

नाही गेले.

निघण्याआधी माडीवर माझी वही आणायला गेले. दिनकरराव मशिनीसमोर उभे. पडद्यावर स्टेशन. मुलगी गाडीतून उतरलेली, आणि तिच्या अंगावर काही नाही. साडी खांद्यापर्यंत गेलेली. ती चालत नव्हती. दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. हातांचं असं चित्र कुणी काढलेलं नाही — नर्मदानं नाही, मी नाही.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पडद्यावर घातलं. चारी टोकं नीट ओढून घेतली, आपण झोपलेल्या पोरीच्या अंगावर ओढतो तशी. आणि तोंड भिंतीकडं करून उभे राहिले.

मला तो बाप बघवला नाही. बोरीच्या स्टँडवर बसलेला मला दिसत होता तो. एकदा नाही देऊ शकला, आता देतोय तर मीच ओढून घेतेय? मला कुणी इतकं झाकलं असतं कधी —

खाली आले. ट्रंक उघडली.

शनिवार, ८ जानेवारी

नेसलेय. साडी तिच्या अंगावर परत आली. दिनकररावांनी उपरणं काढलं आणि आज पोटभर जेवले, असं धुरपताबाई म्हणाल्या. माझ्याशी बोलताना त्या दोनदा माझ्या पलीकडं बघत होत्या. ऊन कमरेपर्यंत आलंय. आता रोज एक ओळ नाही, तीन-चार जातात.

सोमवार, १० जानेवारी

क्लासमधल्या पोरांनी तक्रार केली, म्याडमनी हजेरी घेतली नाही म्हणून. मी घेतली होती. मोठ्यानं.

दिनकररावांना सगळं सांगितलं — साडी, सावली, पावलं. ते मान हलवत होते. मला वाटतं त्यांनी ऐकलं. वाटतं.

मंगळवार, ११ जानेवारी

वही फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून उभ्यानं लिहितेय. हात खाली नेला की पेन सुटतो. भूक नाही. धुरपताबाईंनी दोन ताटं वाढली, एक त्यांचं, एक मालकांचं. मग तिसरं आठवलं आणि पदर डोळ्यांना लावला. माझं नाव चटकन आठवेना त्यांना.

मुलगी आता अगदी माझ्यासारखी चालते. पण चेहरा माझा नाही, नर्मदाचाच होत असावा. दोन वेण्या सुटल्यात, अंबाडा आलाय.

बुधवार, १२ जानेवारी

अजून फेडता येईल. गाठ मला दिसते, बोटांना लागत नाही. पण धुरपताबाईंना सांगितलं तर त्या सोडतील — अजून थोडं ऐकू जातं त्यांना — ओरडलं तर —

नाही ओरडले. संध्याकाळी जिन्यातून आवाज आला. दमलीस का माय, म्हणून.

एवढा एक आवाज. चार वर्षं —

गुरुवार, १३ जानेवारी

सावली फक्त डोक्याची. उन्हात नारळाएवढी.

ती आज दारापर्यंत गेली आणि गेम संपला नाही. उभी राहिली. कडी वाजवायला हात वर केला. दिनकरराव म्हणाले, उद्या ये, उद्या सण आहे, तिळगूळ करतो तुला. मी दारामागं उभी होते. मीही म्हटलं, येते.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. बाजार बंद. विद्यापीठाचं नामांतर झाल्याचं रेडिओवर सांगितलं. चौकात पोलिसांची गाडी, आणि दुसरीकडून हलगी, जयभीमच्या घोषणा. दिनकररावांनी खिडकी लावली नाही. ऐकत बसले. म्हणाले, सोळा वर्षं माय, सोळा वर्षं मी कशासाठी —

हात डोक्यावर धरून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

धुरपताबाई खोली झाडून गेल्या. माझ्या अंगावरून. नव्या बाईसाठी झाडतेय म्हणाल्या, कुणाशी तरी.

दुपार

माडीवर आहे. लाइट आहे. वाटीत तिळगूळ. मुलगी स्टेशनवर उतरली — हिरवी साडी, पदर बरोबर, काठ बरोबर, एकही घर चुकलेलं नाही — बैल चुकवला — ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या — दार —

दार उघडलं. आत हीच माडी. हीच खुर्ची.

ते म्हणाले, "आलीस का माय?"

मी त्यांच्या मागं, हाताच्या अंतरावर. म्हटलं, आले.

वळले नाहीत.

आले मी, म्हटलं. अहो, मी — गीता —

पडद्याला तिळगूळ लावतायत. ओठांशी. इतके दिवस — दारातून — ते माझ्याकडं कधी — पडद्याकडंच बघून —

एकदा इकडं बघा ना. नुसतं एक